आत कोण रडतंय

बागेच्या फाटकापाशी आत्याला पहिला राग आला तो रांगेचा, आणि दुसरा टोपीचा. रांग फुटपाथवरून वळसा घेऊन थेट बसथांब्यापर्यंत गेली होती. तिच्यात कडेवरची, खांद्यावरची, भुईवर बसकण मारलेली पोरं होती, आणि त्यांना 'आता आलंच हं' असं धडधडीत खोटं सांगणारी मोठी माणसं होती. फाटकात एक चांगला पोक्त, पोट सुटलेला गृहस्थ उभा होता. डोक्यावर लाल टोकदार टोपी, हनुवटीला कापसाची दाढी. दाढी रबराने कानांना अडकवलेली, आणि बोलायचं झालं की तो ती गळ्यापर्यंत ओढून घेई. "बुटक्यांच्या पाऊलवाटेवर स्वागत आहे," असं तो एकेकाला म्हणत होता, पण चेहरा असा, की समोरचा जणू त्याच्या घरी न सांगता जेवायला आलाय.

"आत्या, हा बुटका एवढा उंच कसा?" ढब्बूने विचारलं.

"पगारी बुटका आहे," आत्या म्हणाली. "पगारी लोक वाढतात."

ढब्बू पाच वर्षांचा, उत्तर मिळालं की समाधान मानणारा. त्याची मोठी बहीण बबडी तशी नव्हती. बबडीला जळीस्थळी कोणी ना कोणी दिसायचं. फ्रिजच्या मागे एक म्हातारा खोकतो, जिन्याच्या वळणावर एक बाई कुणाची तरी वाट बघते, शेजारच्यांच्या कुलूप लावलेल्या खोलीत रात्रभर शाळा भरते. घरात आधी याचं कौतुक झालं, मग कंटाळा आला, मग काळजी सुरू झाली. शाळेतल्या बाईंनी आईवडिलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलगी हुशार आहे पण थापा मारते. तेव्हापासून वहिनी धास्तावली होती. आज दोन्ही मुलं आत्याच्या हवाली करतानासुद्धा ती दारातून म्हणालीच, "ताई, तिला भरीला घालू नका हं. एकदा सुरू झाली की आवरत नाही."

आत्याला कुणाला भरीला घालायचं नव्हतं. आठवड्यातली तिची ही एकुलती एक सुट्टी. एरवी ती पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात कानाला फोन लावून बसलेली असे. अख्ख्या गावाच्या शिव्या खाऊन खाऊन तिचे कान निबर झाले होते. नव्याने लागलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी शिकवायची, की फोनवरच्या माणसाशी वाद घालायचा नाही. हो म्हणायचं. 'हो का? बरोबर आहे तुमचं. नोंद घेतली आहे.' एवढं म्हटलं की माणूस निवतो; नळाला पाणी आलं नाही तरी निवतो. बबडीवरही तिने हाच उपाय लागू केला होता आणि तो अगदी लागू पडला होता. वहिनी रागवायची, दादा समजवायचा, आत्या मात्र नुसतं 'हो का? बरं' म्हणायची. म्हणूनच बबडीला घरात सगळ्यांत आत्या आवडायची.

रांग सरकली आणि ती तिघं आत गेली. पाऊलवाट खरं तर बागेच्या मागच्या अंगाची होती, जुन्या झाडांची. इतकी वर्षं तिथे कोणी झाडूही मारत नव्हतं. आता तिथे झाडाझाडाच्या बुंध्याशी वीतभर उंचीची दारं बसवली होती, शर्टाच्या बटणाएवढ्या कड्या, काडेपेटीएवढ्या खिडक्या, सिमेंटच्या ठिपकेदार अळंब्या, एका फांदीवर वाळत घातलेले एवढेएवढेसे पायजमे. ढब्बू पायजमे बघून इतका हसला की त्याला उचकी लागली. आत्यालाही हसू आलं. कुणीतरी जीव ओतून केलेलं काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

पण पाट्या! प्रत्येक झाडापाशी दोन पाट्या. एकीवर लिहिलेलं, 'कल्पना करा! दाराला कान लावा, बुटके काय बोलतात ते ऐका!' आणि तिच्या खालीच दुसरी, 'दारांना हात लावू नये. दोरीच्या आत जाऊ नये. रांग थांबवू नये.' आता दोरीच्या बाहेरून माणसाने कान लावायचा कसा? पोरांनी कल्पना करायची, पण चालता चालता, आणि मागच्याचा खोळंबा न करता. आत्याला हे असलं चांगलंच ओळखीचं होतं. तिच्या खात्याच्या भिंतीवरही 'आपली तक्रार हाच आमचा सन्मान' असं लिहिलेलं होतं आणि त्याखालची खिडकी कायम बंद असे.

वाटेच्या वळणावर सगळ्यांत जुनं झाड होतं. बुंधा तिघांच्या कवेत मावला नसता. इतर दारं जमिनीशी, पण याचं दार आत्याच्या खांद्याइतकं उंच बसवलेलं, लालभडक, चांगलं मोठं, भोवती फुलांची माळ. संध्याकाळी पाहुणे येऊन उद्घाटनाचा फोटो इथेच काढायचे होते, म्हणून इथे दोरीही जाड होती आणि दोरीपाशी टोपी घातलेला एक स्वयंसेवक हातात काठी घेऊन उभा होता. वर फांद्यांत एक खार नुसती थैमान घालत होती. खाली यायची, दारापर्यंत यायची, काठी उगारली की परत वर पळायची आणि चिरचिर करून रान डोक्यावर घ्यायची.

"अय्या, खारुताईसुद्धा आली बघ बुटक्यांकडे पाहुणी!" कोणीतरी बाई आपल्या बाळाला म्हणाली, आणि सगळ्यांनी मोबाइल वर केले.

"दाराचा रंग खाते हो," स्वयंसेवक कुरकुरला. "सकाळपासून हाकलतोय. नवाकोरा रंग ओरबाडून ठेवलाय मेलीने."

बबडी दोरीला पोट टेकवून पुढे वाकली होती. मान तिरकी, डोळे मिटलेले. मग तिने आत्याची ओढणी ओढली.

"आत्या, आत कोणीतरी रडतंय."

"हो का?"

"तिघं आहेत. एकाचा आवाज जाड आहे, एकाचा बारीक आहे, आणि एक मध्ये मध्ये थांबतंय."

"बरं."

स्वयंसेवकाने तर लगेच आवाज घोगरा केला. "रडत नाहीयेत गं बाळ, गाणं म्हणताहेत! बुटक्यांची आंघोळीची वेळ झालीये." मागचे लोक हसले. मागच्या बाईने कौतुकाने मान हलवून म्हटलं, "किती गोड कल्पना आहे हो तुमच्या मुलीची." बबडीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीच 'खोटं बोलतेस' म्हणत नव्हतं, उलट सगळे हो म्हणत होते, आणि तिला काय बोलावं ते कळेना. रांग सरकली. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे घेतलं.

पुढे मोकळी जागा होती, बाकं होती. आत्याने डबा उघडला, पाव आणि जाम काढला. ढब्बूने दोन्ही गालांना जाम लावून घेतला. बबडीने खाल्लं नाही.

"भूक नाही?"

"ती खार त्यांची आई आहे."

"असेल हं. खा बघू."

"आत्या, तू नुसतं हो म्हणतेस."

"मग काय नाही म्हणू?" आत्या म्हणाली, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर थोडी खूशही झाली. बबडीने पाव डब्यात परत ठेवला.

बाहेर जायची वाट त्याच दारासमोरून होती, फक्त दोरीच्या दुसऱ्या टोकाने. गर्दी वाढलेली. खार अजून तिथेच होती, पण आता ओरडत नव्हती. दाराच्या वरच्या कडेला चारी पायांनी चिकटून ती लाकूड कुरतडत होती, आणि स्वयंसेवकाची पाठ होती तेवढ्यात मोबाइलवाले तिचे फोटो काढून घेत होते. बबडीने पुन्हा मान तिरकी केली. बराच वेळ ऐकलं. मग या खेपेला तिने ओढणी ओढली नाही. समोर बघतच ती अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"आता दोनच रडताहेत."

आत्याच्या तोंडात 'हो का' तयार होतं. ते तिथेच अडकलं. बबडीच्या गोष्टी वाढायच्या. हे आत्याला माहीत होतं. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला आठवड्याभरात बायको मिळायची, नातवंडं व्हायची. बबडीच्या गोष्टीत कधी कोणी कमी झालं नव्हतं.

आत्याने पोरांना बाजूला उभं केलं आणि दोरी उचलून आत गेली.

"ओ बाई! ओ मॅडम!" स्वयंसेवक धावला. आत्याने दाराला कान लावला. पाटीवर तसंच लिहिलं होतं ना! आधी तिला फक्त गर्दीचा गलका ऐकू आला. मग आतून, लाकडाला अगदी लागून, एक चिरका, दमलेला आवाज आला. थांबला. दुसरा आला. तिच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर खार गोठल्यासारखी बसली होती आणि पळत नव्हती. एवढं भित्रं जनावर, पण पळत नव्हतं.

"दार काढा," आत्या म्हणाली.

"अहो, ते उघडत नाही. खोटं दार आहे."

"कळतंय मला खोटं आहे ते. काढा. आत पिल्लं आहेत खारीची."

फाटकावरचा पोक्त गृहस्थ आला. तोच सगळ्याचा प्रमुख निघाला. त्याने दाढी खाली ओढली, आत्याचं म्हणणं मान हलवत ऐकून घेतलं, आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, मॅडम. तुमची भावना मी समजू शकतो."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य तिचं होतं. तिच्या घरचं होतं. नव्या मुलींना हेच वाक्य कुठल्या पट्टीत म्हणायचं तेसुद्धा तिने शिकवलं होतं.

"भावना ठेवा बाजूला. दार काढा."

"हो, हो. मी नोंद घेतो. उद्घाटन झालं की वरिष्ठांच्या कानावर घालतो, उद्या सकाळी माणूस पाठवून..."

"उद्यापर्यंत ती जगतील?"

"आम्ही दार बसवण्याआधी आत बघितलं होतं, मॅडम. पोकळी आहे म्हणून तर हे झाड निवडलं. म्हटलं, दार लावलं की कसं खरंखुरं घर वाटेल! आत काही नव्हतं. कचरा होता नुसता. वाळकं गवत, चिंध्या, सालपटं. दार बसेना, म्हणून काठीने जरा आत दाबला."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं. त्याचा हात दाढीकडे गेला. घर बघून त्याला कचरा दिसला आणि त्या कचऱ्यावर त्याने घर बांधलं, फुलांची माळ घालून! आणि आता टोपी घालून पोरांना सांगतोय, कल्पना करा!

"काठीने दाबलात," ती म्हणाली. "बरं." आणि तिने डब्यातला चमचा काढून दाराच्या फटीत घातला.

चमचा वाकला. भोवती एवढी माणसं, एवढे मोबाइल, पण एकाच्याही खिशात स्क्रू काढायला काही नव्हतं, आणि असतं तर दिलं असतं की नाही देव जाणे. बाबागाडी घेतलेला एक बाप म्हणाला, "अहो ताई, मुलांसमोर तोडफोड काय करता?"

"मुलांसमोरच करते. बघू दे त्यांना."

"पण केवढ्या कष्टाने केलंय लोकांनी..."

"तिनेही कष्टानेच केलं होतं!" आत्या ओरडली, वर खारीकडे हात करून. तिचा आवाज फाटला. इतकी वर्षं फोनवर खालच्या पट्टीत बोलून तिला ओरडायची सवयच राहिली नव्हती. स्वयंसेवकाने तिचा दंड धरला, तो तिने झटकला. दाराच्या वरच्या कडेला खारीने कुरतडून बोट जाईल एवढी जागा केली होती. आत्याने तिथेच बोटं घातली, बुंध्याला पाय लावला, आणि सगळा भार मागे टाकला. लाकूड कडाडलं. दार तिच्या हातात आलं आणि ती मागच्या मागे सिमेंटच्या अळंबीवर आदळली. कोणीतरी हसलं. हसणाऱ्याकडे बबडीने असं काही बघितलं की तो गर्दीत मागे सरकला.

पोकळीत गवत आणि चिंध्या गच्च ठासलेल्या होत्या. आत्याने उठून हलक्या हाताने वरचा थर सैल केला. बोटभर लांबीचं एक पिल्लू, डोळे मिटलेलं, तोंड उघडून चिरकत होतं. त्याच्या खाली दुसरं. तिसरं काठीने दाबलेल्या बाजूला होतं, आणि ते चपटलेलं होतं. दोन तिने घरट्यातच मोकळी करून ठेवली. तिसरं बाहेर काढून तळहातावर घेतलं. ते अजून कोमट होतं.

"मागे व्हा सगळे," ती म्हणाली. "ते मोबाइल खाली करा. लाज वाटू द्या थोडी."

काय झालं कोण जाणे, पण लोक मागे झाले. खार उतरली. पोकळीत शिरली, बाहेर आली, तोंडात पिल्लाची मानगूट. बुंध्यावरून वर, फांदीवरून पलीकडच्या झाडावर, दिसेनाशी. पोरं श्वास रोखून उभी होती. ती परत आली आणि दुसरं घेऊन गेली. मग तिसऱ्यांदा आली. पोकळीत शिरली आणि बराच वेळ आतच राहिली. गवत उपसून उपसून बाहेर पडत होतं. आत्याने हातातलं पिल्लू झाडाच्या मुळाशी ठेवलं आणि बाजूला झाली. खार खाली उतरली, त्याला हुंगलं, नाकाने उलथवलं, पुन्हा हुंगलं. मग एकटीच वर गेली.

"आत्या, ते झोपलंय ना?" ढब्बूने विचारलं. त्याचे गाल अजून जामने माखलेले होते.

आत्याने तोंड उघडलं. बबडी तिच्याकडे बघत होती.

"नाही रे राजा," आत्या म्हणाली. "मेलंय."

ढब्बूने भोकाड पसरलं. त्याबरोबर मघाचा बाप 'काय बाई आहे' असं पुटपुटला, आणि पोक्त गृहस्थ, बिचाऱ्याला काही सुचेना म्हणून असेल, पण चक्क दाढी वर चढवून गुडघ्यांवर बसला आणि घोगऱ्या आवाजात ढब्बूला म्हणाला, "रडू नको हं बाळ. बुटके त्याला आपल्या देशात नेणार आहेत. तिथे..."

"बुटके नाहीत इथे!" बबडी किंचाळली. "एकही नाही! तुम्ही काठीने दाबलं त्याला!"

तो तसाच गुडघ्यांवर राहिला. दाढीच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते बबडीकडे नव्हते, झाडाच्या मुळाशी होते. पुढे काय झालं ते बघायला आत्या थांबली नाही. तिने ढब्बूला कडेवर घेतलं, बबडीचा हात धरला आणि रांगेच्या उलट्या दिशेने चालू लागली. फाटकाबाहेर पाहुण्यांसाठी बँड लावायचं चाललं होतं. रांगेतली माणसं विचारत होती, "कसं आहे हो आत? मजा आहे का?" आत्या सरळ बसथांब्याकडे चालत राहिली.

बसथांब्यावर सावली नव्हती. ढब्बू हुंदके देत देत खांद्यावर झोपून गेला. आत्याची बोटं सोलपटली होती आणि अळंबीवर आदळलेलं कंबरडं आता ठणकायला लागलं होतं. राग अजून उतरला नव्हता. त्या टोपीवाल्याला पाठवायच्या तक्रारीची वाक्यं तिच्या डोक्यात एकामागून एक तयार होत होती, एकाहून एक झणझणीत.

"आत्या," बबडी म्हणाली, "मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तू ऐकलं होतंस का?"

"नाही."

"पण तू हो म्हणालीस."

"हो म्हटलं की तू पुढे चालशील, म्हणून म्हणाले."

बबडीने यावर विचार केला. रस्त्यावरून एक बस त्यांची नव्हती म्हणून न थांबता गेली.

"तेव्हा तिघंही रडत होती," ती म्हणाली.

अशा वेळी काय बोलायचं ते आत्याइतकं कुणाला येत नव्हतं. त्यात आमचा नाइलाज होता. तुमच्या भावना. पुढच्या खेपेला. तिने एकही वाक्य उचललं नाही.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा तिघंही होती."

बबडीने आपला हात तिच्या हातातून काढून घेतला, आणि खांद्यावरून लोंबणारा ढब्बूचा चिकट हात धरून ती बसची वाट बघत उभी राहिली.